गाडी जुनी घ्यायची, तर बॅटरी किती उरली?

गेल्या वर्षी रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या आमच्या घरी सगळी भावंडे जमली होती. शीरखुर्म्याच्या वाट्या उचलल्या गेल्या, मुले अंगणात पळाली आणि मोठ्यांमध्ये विषय निघाला तो गाडीचा. आमची पेट्रोलची व्हॅन पंधरा वर्षांची होत आली होती. नोंदणीची मुदत संपत आलेली आणि घाट चढताना इंजिन धापा टाकणारे. आम्ही दोघे नवरा-बायको महाडच्या बाजूला शाळेत शिकवतो. येऊन-जाऊन रोजचा प्रवास चाळीस किलोमीटरचा. शिवाय अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अम्मींना आठवड्यातून दोनदा व्यायाम-उपचारासाठी महाडला न्यावे लागते. गाडी ही आमच्या घरी हौस नव्हती, गरज होती.

बाजूला ठेवलेले पैसे होते साडेसहा लाख. अकरा वर्षांत, दोघांच्या पगारातून थोडे थोडे करून साठलेले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे आमच्या घरात निकाहाच्या वेळीच ठरले होते. त्यामुळे हिशोब सोपाही होता आणि अवघडही. महिन्याचा पेट्रोलचा खर्च पाहता विजेवरची गाडी हवी होती, पण आम्हा सहा जणांना आणि अम्मींच्या चाकाच्या खुर्चीला पुरेल अशी नवी गाडी या पैशांत येत नव्हती. म्हणजे कुणीतरी चार-पाच वर्षे वापरलेलीच घ्यावी लागणार होती.

अब्बांनी कुवेतमध्ये बावीस वर्षे गॅरेजात काम केले आहे. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, जुना मोबाईल कुणी घेतं का? त्याची बॅटरीच गेलेली असते. तुम्ही तर बॅटरीवरची गाडीच जुनी घ्यायला निघालात. इंजिन कसं आहे ते मी कानाने सांगतो. ही बॅटरी तर बोलतच नाही."

अब्बांचे म्हणणे खरे होते. पैसे एकदाच खर्च होणार होते. दोन वर्षांत बॅटरी बसली, तर दुसरी गाडी घेण्याची ऐपत आमच्यात नव्हती. म्हणून पुढचे तीन महिने आम्ही एकाच प्रश्नाच्या मागे लागलो. न बोलणाऱ्या बॅटरीला बोलते कसे करायचे? त्यात जे शिकलो ते वाचकांसमोर ठेवत आहोत, कारण हा प्रश्न आता गावोगावच्या अनेक घरांत विचारला जात आहे.

मोबाईल आणि गाडी

दोन्हींतली बॅटरी एकाच जातीची, लिथियम-आयनची. तिच्यात दोन कप्पे असतात. चार्ज करताना लिथियमचे कण एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊन बसतात आणि गाडी चालताना परत येतात. बसण्याची ही जागा साध्या ग्रॅफाईटची असते, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीत असते त्याच पदार्थाची. ग्रॅफाईटमध्ये लिथियम असे आत-बाहेर करू शकते, हे १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे रशीद याझामी यांनी दाखवले. ते मोरोक्कोतील फेस शहरात जन्मलेले. २०१४ मध्ये अभियांत्रिकीतील मानाचे ड्रेपर पारितोषिक त्यांना जॉन गुडइनफ, योशिओ निशी आणि अकिरा योशिनो यांच्यासोबत मिळाले. २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये मात्र गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांची नावे होती, याझामींचे नव्हते. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही आता हे चारही देश नकाशावर दाखवतो: मोरोक्को, फ्रान्स, अमेरिका आणि जपान. सोनी कंपनीने १९९१ मध्ये अशी बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली.

मग बॅटरी म्हातारी का होते? चहाच्या किटलीत पाणी उकळून उकळून आतून क्षारांचा थर बसतो, तसा ग्रॅफाईटवर एक पातळ थर बसत जातो. या थरात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकते. जेवढे अडकले, तेवढी बॅटरीची साठवण कमी. हा थर दोन कारणांनी वाढतो: एक वापराने, दुसरे नुसत्या काळाने. उष्णता असेल तर दोन्ही कारणांना जोर चढतो.

आता मोबाईलशी तुलना करू. मोबाईल आपण जवळजवळ रोज पूर्ण भरतो आणि पूर्ण रिकामा करतो. वर्षाला तीनशे फेऱ्या सहज होतात. त्यात तो खिशात तापतो, उशीखाली तापतो, त्याला थंड करणारे काही नसते. आमच्या हिशोबाची गाडी एका पूर्ण चार्जमध्ये दोनशे किलोमीटर जाते असे धरले आणि वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरवली, तर पूर्ण फेऱ्या होतात फक्त पंचाहत्तर. अशी बॅटरी साधारण हजार फेऱ्या सहज सोसते. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची असेल, तर त्याहून बऱ्याच जास्त. हजार फेऱ्या म्हणजे दोन लाख किलोमीटर, आमच्या चालीने तेरा वर्षे. शिवाय गाडीची बॅटरी सांभाळणारा छोटा संगणक तिला अगदी काठोकाठ भरू देत नाही आणि तळापर्यंत रिकामीही होऊ देत नाही. अनेक गाड्यांत बॅटरीभोवती थंड करणारे पाणी फिरते.

हजारो गाड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या कॅनडातील जिओटॅब या कंपनीने २०१९ मध्ये वर्षाला सरासरी २.३ टक्के आणि २०२४ मध्ये १.८ टक्के घट सांगितली. म्हणजे ढोबळमानाने वर्षाला दोन टक्के. अर्थात ही घट सरळ रेषेत होत नाही. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत थोडी जास्त होते, मग बराच काळ संथ चालते आणि अगदी शेवटी पुन्हा वेग घेते. तरीही अब्बांच्या मोबाईलच्या भीतीला इथे पहिले उत्तर मिळाले.

ऊन, पाऊस आणि आपल्या सवयी

सरासरी मात्र साऱ्या जगाची असते आणि गाडी रायगडच्या उन्हात उभी राहणार असते. आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते. महाड-पोलादपूर हा डोंगरांनी वेढलेला खोलगट भाग. मार्च ते मे इथे वारा अडतो आणि ऊन साठते.

उष्णता काय करते हे निस्सानच्या लीफ गाडीने जगाला शिकवले. २०१० च्या अखेरीस आलेल्या या गाडीची बॅटरी २४ युनिटची होती. तिला थंड करण्याची वेगळी व्यवस्था नव्हती, नुसत्या हवेवर भिस्त होती. २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी भागातून तक्रारी सुरू झाल्या की दोन उन्हाळ्यांतच बॅटरी लक्षणीय उतरली. त्यानंतर कंपनीला साठवण टिकण्याचीही हमी द्यावी लागली. तीच गाडी थंड प्रदेशात बरी चालत होती. म्हणून जुनी गाडी घेताना तिच्या बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा.

सवयींचे म्हणाल तर त्या अवघड नाहीत. आमच्या घरी आता त्या अंगवळणी पडल्या आहेत:

– गाडी सावलीत उभी करायची. आम्ही अंगणात पत्र्याची शेड घातली. पत्रा तापतो म्हणून त्यावर झावळ्या टाकल्या.

– रोजच्या वापरासाठी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायची आणि वीस टक्क्यांच्या खाली शक्यतो न्यायची नाही. लोह-फॉस्फेट बॅटरी असेल, तर अनेक कंपन्या मधूनमधून पूर्ण भरायला सांगतात, म्हणजे टक्क्यांचा काटा अचूक राहतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहावे.

– शंभर टक्के भरून गाडी दिवसेंदिवस उभी ठेवायची नाही. मुंबईला निघायचे असेल, तेव्हाच आदल्या रात्री पूर्ण भरायची. रमजानमध्ये आम्ही झोपताना चार्जिंगला लावायचो आणि सहरीला उठल्यावर प्लग काढायचो.

– लांबून तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावायची नाही, तासभर निवू द्यायची.

– जलद चार्जर प्रवासापुरता. रोजच्यासाठी घरचा पंधरा अँपियरचा प्लग पुरतो. मात्र त्यासाठी स्वतंत्र वायर, योग्य क्षमतेचा ब्रेकर आणि चांगले अर्थिंग हवेच. जांभ्याच्या जुन्या घरांत अर्थिंग पुष्कळदा नावापुरते असते. इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्यावे.

– पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते. जून ते सप्टेंबर आम्ही गाडी साठ टक्क्यांच्या खाली येऊ देत नाही. अम्मींना रात्री-अपरात्री न्यावे लागले, तर विजेची वाट पाहत बसता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. गाडी कमी फिरवली म्हणून बॅटरी तरुण राहत नाही. काळाचा थर बसतच असतो. त्यामुळे "फक्त पंधरा हजार किलोमीटर चाललेली" एवढ्यावर भुलू नये. पाच वर्षांत पंधरा हजार चाललेली आणि त्यातला बराच काळ शंभर टक्के भरून उन्हात उभी असलेली गाडी, रोज चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते.

आपली वाट किती?

जाहिरातीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा वेगळे असतात हे सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या जानेवारीत आलेल्या टाटा नेक्सॉन इव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटरचा होता. तो आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीतला. माणसे, सामान, एसी आणि महामार्गाचा वेग धरला, तर या आकाराची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. तीस युनिटला सात किलोमीटर धरले, तर दोनशे दहा.

आता हाच हिशोब बॅटरी सत्तर टक्क्यांवर आल्यावर करून पाहू. एकवीस युनिट, सुमारे एकशे सत्तेचाळीस किलोमीटर. आमच्या रोजच्या चाळीस किलोमीटरला ते तीन दिवस पुरते. म्हणजे ज्याला सगळे "बॅटरी गेली" म्हणतात, त्या दिवशीही आमची शाळा आणि अम्मींचे उपचार अडणार नाहीत. फरक पडेल तो मुंबईच्या वाटेवर. पनवेल ते पोलादपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. आज गाडी एका दमात येते, तेव्हा ती माणगावला थांबून येईल.

बॅटरीचे आयुष्य किती, हा म्हणून अर्धाच प्रश्न आहे. आपली रोजची वाट किती, हा त्याचा दुसरा अर्धा. ज्याला रोज मुंबई-महाड करायचे आहे त्याने आमच्यासारखी छोट्या बॅटरीची जुनी गाडी घेऊ नये. ज्याची वाट चाळीस किलोमीटरची आहे त्याने मोठ्या बॅटरीसाठी लाखभर रुपये जास्त मोजू नयेत.

आपल्या भागात वाटेत घाटही येतो. कशेडीला आता बोगद्याचा पर्याय आहे, त्यामुळे खेडकडे जाताना चढण वाचते. आंबेनळीला पर्याय नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर अंतर चाळीस किलोमीटर, पण चढण साडेबाराशे मीटरच्या घरात. नववीच्या मुलांना आम्ही हे गणित दिले. गाडी आणि माणसे मिळून सतराशे किलो धरा, गुणिले ९.८, गुणिले १,२५०. उत्तर आले दोन कोटी आठ लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ सहा युनिट. नुसते वर उचलण्याचेच सहा, रस्ता कापण्याचे वेगळे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अम्मींना घेऊन वर गेलो. जाताना बेचाळीस टक्के गेले. मुले घाबरली, "आता परत कसं जायचं?" पण उतरताना मोटर जनित्रासारखी काम करून वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. खाली पोलादपूरला पोचलो तेव्हा परतीच्या प्रवासात फक्त तीन टक्के कमी झाले होते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट इतकीच की वर मुक्कामी गाडी शंभर टक्के भरून उतरू नये. बॅटरी भरलेली असली की परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, मग मोटरची ती रोखही मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आंबेनळीच्या वळणांवर ते बरे नव्हे.

गाडी पारखताना

पहिली गाडी आम्ही एका विक्रेत्याकडे पाहिली. भाव मनासारखा होता. "बॅटरी शंभर टक्के आहे, साहेब," असे तो तीनदा म्हणाला. तपासणीचा कागद मागितला, तर "कशाला हवा?" असे उत्तर आले. अब्बा काही बोलले नाहीत. ते मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. आतल्या टोकाला गाळाची फिकट रेघ होती. मग त्यांनी गालिचा उचलला. सीटच्या बोल्टांना गंज होता. गाडी पुरात उभी राहिलेली होती.

महाडकरांना पूर सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा बाजारपेठ बुडाली, दारातल्या गाड्या बुडाल्या. बहुतेक कंपन्यांच्या बॅटरीवर "आयपी ६७" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, इतकाच. गाळाच्या पाण्यात रात्रभर राहिलेल्या गाडीला हा शब्द लागू होत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी घेऊ नये. पाणी आत गेले असेल, तर बिघाड महिन्यांनीही डोके वर काढतो.

दुसरी गाडी पनवेलच्या एका गृहस्थांची. २०२१ सालची, बावन्न हजार किलोमीटर चाललेली, तीस युनिटच्या बॅटरीची. त्यांनी न विचारता सगळी कागदपत्रे पुढे ठेवली. कंपनीच्या केंद्रावर बॅटरीचे आरोग्य तपासून घेतले, तर अहवालात ९४ टक्के आले. पण अब्बांचे समाधान यंत्राच्या कागदावर होईना. "आपण स्वतः मोजू शकतो का?" असे त्यांनी विचारले.

मोजता येते. पनवेललाच राहणाऱ्या खालांच्या घरी चार्जिंगच्या प्लगला आम्ही छोटा सब-मीटर जोडून घेतला. गृहस्थांनी भरवशाने गाडी एक रात्र दिली. ती वीस टक्क्यांपर्यंत चालवली आणि रात्री नऊला लावली. फजरनंतर पाहिले तर शंभर झाले होते. मीटरने दाखवले २५.६ युनिट. यातले बारा टक्क्यांच्या आसपास चार्जरमध्ये उष्णता होऊन जातात. उरले साडेबावीस. हे ऐंशी टक्क्यांचे, म्हणजे पूर्ण शंभरचे सुमारे २८. मूळ तीसच्या तुलनेत त्र्याण्णव टक्के. टक्क्यांचा काटा थोडा मागेपुढे असू शकतो, त्यामुळे हे माप सोनाराच्या काट्याचे नाही, किराणा दुकानाच्या काट्याचे आहे. पण केंद्राच्या अहवालाशी ते जुळले. अब्बा म्हणाले, "बोलली बरं का!"

आता हमीविषयी. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी हमी देतात. ही मुदत पहिल्या नोंदणीपासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही. आमच्या गाडीची आठ वर्षे २०२९ ला संपतील. अलीकडे काही नव्या गाड्यांना "आयुष्यभराची हमी" देतात. तिचा अर्थ नीट वाचावा. टाटांच्या बाबतीत आयुष्यभर म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षे, आणि तीही पहिल्या खाजगी मालकासाठी. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ही सवलत तशीच राहत नाही. म्हणून जुनी घेणाऱ्याने पाच गोष्टी लेखी विचाराव्यात:

१. हमी दुसऱ्या मालकाला मिळते का, आणि नाव बदलल्याचे कंपनीला किती दिवसांत कळवावे लागते?

२. साठवण किती टक्क्यांच्या खाली गेली तर हमी लागू होते? अनेक ठिकाणी ही रेषा सत्तर टक्क्यांची असते. काही करारांत आकडाच नसतो.

३. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झाल्याच्या नोंदी आहेत का? त्या नसतील, तर हमी नाकारली जाऊ शकते.

४. गाडी टॅक्सी म्हणून वापरली गेली होती का? व्यावसायिक वापराला अटी वेगळ्या असतात.

५. विम्याचा जुना दावा आहे का, विशेषतः पुराचा किंवा बॅटरीच्या पेटीला खालून मार बसल्याचा?

मोठी बॅटरी नंतर बसवता येईल का?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनी विचारला. "आता छोटी घ्या, पुढे मोठी टाकून घ्या." संगणकात जशी मेमरी वाढवतात तसे हे वाटते, पण गाडीत ते इतके सोपे नाही.

बॅटरी खरोखर सुधारत आहे, यात शंका नाही. २००१ मध्ये बंगळुरूहून आलेली रेवा ही आपली पहिली गाजलेली विजेवरची गाडी शिशाच्या बॅटऱ्यांवर चालायची आणि काही वर्षांत त्या सगळ्या बदलाव्या लागायच्या. पुढे महिंद्राने ती कंपनी घेतली आणि २०१३ च्या ई-टू-ओ गाडीत लिथियम आले. नेक्सॉनची बॅटरी २०२० मध्ये ३०.२ युनिट होती, २०२२ मध्ये ४०.५ आणि २०२४ मध्ये ४५ युनिट झाली. पण प्रत्येक वेळी मोठी बॅटरी नव्या गाडीत आली, जुन्या गाडीत नाही. पेटीचा आकार, वजन, थंड करणारे नळ, सांभाळणारा संगणक हे सारे एकमेकांशी जुळलेले असते. त्यात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मंजुरीशिवाय बदल करता येत नाही. बाहेरच्या कारागिराकडून बॅटरी बदलली, तर हमी जाते आणि विम्याचाही वाद होतो.

परदेशात वाट थोडी पुढे गेली आहे. जपानमध्ये निस्सान आणि सुमितोमो यांच्या फोर-आर एनर्जी कंपनीने २०१८ मध्ये फुकुशिमातील नामिए गावी कारखाना काढला. तिथे जुन्या लीफच्या बॅटऱ्या उघडून चांगले भाग वेगळे करतात आणि पुन्हा बांधलेली बॅटरी नव्यापेक्षा स्वस्तात देतात. आपल्याकडेही बॅटरी बिघडली म्हणजे सगळी फेकायची असे नसते. आत अनेक छोटे संच असतात, त्यातला एखादाच खराब असू शकतो. दुरुस्ती होईल का, हे आधी विचारावे, मग नवीन बॅटरीचा भाव विचारावा.

भाव मात्र उतरत आहेत. २०१० च्या सुमारास जगात बॅटरीच्या एका युनिटला हजार डॉलरहून जास्त पडत. ब्लूमबर्गच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये हा सरासरी भाव ११५ डॉलरवर आला. तीस युनिटचे आजच्या दराने तीन लाख रुपये होतात. हा कारखान्यातला भाव आहे. आपल्या हाती येईपर्यंत त्यावर कर, वाहतूक आणि नफा चढतो. पण आमच्या गाडीला नव्या बॅटरीची वेळ येईल तेव्हा आजच्यापेक्षा ती स्वस्त असण्याची शक्यता अधिक आहे.

तोवर आम्ही एक युक्ती केली. पेट्रोलला आम्हाला किलोमीटरमागे साडेसात रुपये पडायचे, विजेला दोनच्या आसपास पडतात. या बचतीतले महिन्याला तीन हजार रुपये आम्ही वेगळ्या डब्यात टाकतो. डब्यावर धाकटीने उर्दूत आणि मराठीत लिहिले आहे: "बॅटरी". दहा वर्षांनी बॅटरी गेलीच, तर कुणापुढे हात पसरावा लागू नये, इन्शाअल्लाह.

एक वही

गाडी घेऊन आम्ही पनवेलहून निघालो तेव्हा काटा शंभरवर होता. पोलादपूरला अंगणात उभी केली तेव्हा तेवीसवर. हिशोबाप्रमाणेच. त्या रात्री आम्ही एक वही सुरू केली. दर तीन महिन्यांनी वीस ते शंभर चार्ज करून मीटरचे युनिट लिहायचे. शेजारी तारीख, किलोमीटर आणि त्या दिवशी ऊन किती होते तेही. नोंद करण्याचे काम मुलांकडे आहे आणि खाली सही अब्बांची असते.

मोबाईल जुना झाला की तो कुणाला देताना आपण "बॅटरी जरा लवकर उतरते" असे सांगतोच असे नाही. गाडीच्या बाबतीत ते न सांगणे म्हणजे एखाद्या घराची अकरा वर्षांची बचत बुडवणे आहे. विकताना मालातला दोष झाकू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. धान्याच्या ढिगाला आत हात घालून ओल पाहण्याचा तो प्रसंग मदरशात प्रत्येकाने ऐकलेला असतो. बॅटरीचा ढीग वरून नेहमीच कोरडा दिसतो. आतली ओल फक्त मालकाला माहीत असते. पनवेलच्या त्या गृहस्थांनी ती आम्हाला दाखवली, म्हणून आम्ही निश्चिंतपणे पैसे मोजले.

एक दिवस आम्हीही ही गाडी विकू. तेव्हा ती घेणारे कुणीतरी आमच्यासारखेच असेल, मोजके पैसे घेऊन, घाबरत घाबरत आलेले. त्यांना चावीसोबत ही वही द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. आणि बॅटरी अगदीच संपली, तर ती भंगारवाल्याला द्यायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेऊन योग्य रीतीने मोडण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तिथेच ती पोचवायची.

गेल्या आठवड्यात वहीत नवी नोंद झाली. पहिल्या नोंदीपेक्षा अर्धा युनिट कमी. अब्बांनी चष्मा लावून आकडा पाहिला, सही केली आणि म्हणाले, "म्हातारी होतेय, पण माझ्यापेक्षा हळू." मग अम्मींना हात देऊन गाडीत बसवले. महाडला उपचाराची वेळ झाली होती.